थर लावण्याआधी पाय ओळखा

गुरुपौर्णिमेला सरावाचा नारळ फुटला की जोगेश्वरीत रात्री उशिरापर्यंत थर लागत राहतात. गोविंदाच्या खेळात या उपनगराचं नाव किती मोठं आहे, हे जोगेश्वरीकरांना सांगायला नको. जय जवान पथकाने 2012 साली ठाण्यात 43.79 फुटांचे नऊ थर रचून गिनीज बुकात नोंद मिळवली. 16 ऑगस्ट 2025 रोजी कोकण नगर पथकाने, तेही जोगेश्वरीचंच, ठाण्यातच दहावा थर उभा केला, आणि त्याच दिवशी जय जवाननेही दहा थर लावले. टीव्हीचा कॅमेरा अशा वेळी सगळ्यात वरच्या एक्क्यावर खिळलेला असतो. हा लेख खालच्या तीन-चार थरांच्या पायांबद्दल आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. श्रावण लागला की माझ्याकडे मुरगळलेले घोटे, सुजलेले गुडघे आणि दुखऱ्या नडग्या येऊ लागतात. खांदा कसा द्यायचा, हात कुठे गुंफायचे, हे या मुलांना झोपेतही येतं. पण ‘नेमकं कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखव’ म्हटलं की पूर्ण पंजा गुडघ्यावर फिरवतात. आपल्याच पायातलं कोणतं हाड कुठे आहे, कोणता सांधा कशावर तोललेला आहे, हे ठाऊक नसल्यामुळे साधी दुखापत मोठी वाटते आणि मोठी अंगावर काढली जाते. म्हणून हाफ पँट घाला, जमिनीवर पाय पसरून बसा आणि पुढचा मजकूर वाचता वाचता बोटांनी चाचपत चला. घरच्यांनीही हे करावं. पडलेल्या मुलाला पहिल्यांदा हात लावणारे बहुतेक वेळा तेच असतात.

एका पायात 31 हाडं असतात: कमरेचं एक, मांडीचं एक, गुडघ्याची वाटी, नडगीची दोन आणि बाकीची 26 एकट्या पावलात. सुरुवात कमरेपासून करू. दोन्ही बाजूंना हात ठेवले की बोटांखाली हाडाची कड लागते. चढणारा गडी ज्या घट्ट बांधलेल्या फडक्यावर पाय देतो, ते फडकं याच कडेच्या आसपास बसलेलं असतं. आता तळहात तिथून वीतभर खाली, मांडीच्या बाहेरच्या अंगाला ठेवा आणि पाऊल आत-बाहेर फिरवा. तळहाताखाली एक टणक उंचवटा सरकताना जाणवेल. हा मांडीच्या हाडाचा वरचा कोपरा. लोक यालाच खुब्याचा सांधा समजतात, पण सांधा याच्या आत, खोल, जांघेच्या मागे आहे. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या खोल उखळीत बसतं. त्यामुळे खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, कधी कधी तर थेट गुडघ्यात. बाहेरचा उंचवटा दुखत असेल तर दोष बहुतेक वेळा तिथे जोडलेल्या स्नायूंचा. मुलगा गुडघा धरून बसला आहे आणि गुडघ्यात काहीच सापडत नाही, अशा वेळी डॉक्टरांना खुबा तपासायला जरूर सांगा.

या उंचवट्याच्या वर, कमरेच्या कडेखाली जो मांसल भाग लागतो, तो नितंबाचा मधला स्नायू. खालच्या थरातल्या गोविंदाच्या दृष्टीने पायातला सगळ्यात महत्त्वाचा स्नायू कोणता, असं विचारलंत तर मी यावरच बोट ठेवीन. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकू नये म्हणून हा आखडतो. त्याची ही ओढ आणि शरीराचं वजन मिळून खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट भार पडतो. थरात आपण दोन पायांवर उभे असतो असं वाटतं. पण वरचा माणूस चढताना, खांद्यावर पाऊल बसवताना, तोल सावरताना भार क्षणात एका पायावर जातो. त्या क्षणी हा स्नायू ढिला पडला तर कंबर झुकते, मांडी आत वळते आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. तुटतो गुडघ्यातला अस्थिबंध, पण सुरुवात झालेली असते कमरेपाशी. थर कोसळायला नशीब कारणीभूत असेल, नसेल. गुडघा आत वळायला मात्र कारण असतं आणि ते आधी तपासता येतं.

तपासायचं असं. आरशासमोर उघड्या पायांनी उभे राहा, एक पाय उचला, दुसऱ्या पायाचा गुडघा सावकाश थोडा वाकवा आणि पुन्हा सरळ करा. पाचदा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. अंगठ्याच्याही आत जात असेल, किंवा उचललेल्या बाजूची कंबर खाली जात असेल, तर त्या मुलाला अजून खालच्या थरात उभं करू नका. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं, गुडघ्यांच्या वर मांड्यांभोवती रबरी पट्टा लावून आडवं चालणं, पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणं, हे व्यायाम एक दिवसाआड केले तर सहा-आठ आठवड्यांत चांगला फरक पडतो. गुरुपौर्णिमेपासून दहीहंडीपर्यंत साधारण त्याहून कमीच दिवस असतात. त्यामुळे खरं तर हे उन्हाळ्यातच सुरू झालं पाहिजे.

मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब हाड, उंचीच्या साधारण पाव. त्याच्या पुढे चार स्नायूंचा गट आहे. गुडघा ताठ करून पावलं स्वतःकडे ओढा, मांडी दगडासारखी होईल. वाटीच्या वर आतल्या बाजूला एक फुगवटा दिसतो, तो नीट पाहून ठेवा. गुडघ्याला इजा झाली की सगळ्यात आधी हा उतरतो, तोही काही दिवसांतच. वाटीच्या वरच्या कडेपासून 10 सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पुढे दुखापत झालीच तर ‘मांडी भरली का’ याचं उत्तर अंदाजाने द्यावं लागणार नाही. मांडीच्या मागे तीन स्नायू आहेत. गुडघा वाकवून टाच जमिनीत रुतवली की गुडघ्यामागच्या खळग्याच्या दोन्ही कडांना त्यांच्या दोऱ्या ताठ लागतात. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंबही न सांडता मांडीच्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. म्हणून पडलेल्या मुलाची मांडी फुगली असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल आणि तो पांढरा पडत चालला असेल, तर जखम दिसत नाही म्हणून थांबू नका.

आता गुडघा. पाय सैल सोडलात तर वाटी बोटांनी डावी-उजवी सरकते. मांडीच्या पुढच्या स्नायूंची दोरी या वाटीवरून जाते आणि वाटी तिच्यासाठी विहिरीवरच्या कप्पीचं काम करते, त्यामुळे कमी जोरात गुडघा ताठ होतो. वाटीच्या खाली ती दोरी जिथे नडगीला चिकटते, तिथे एक टेंगूळ लागतं. वाढीच्या वयात, म्हणजे साधारण 12 ते 15 वर्षांच्या मुलांत, या टेंगळापाशी हाड अजून कच्चं असतं. उड्या आणि उठाबशा वाढल्या की ते सुजतं, दुखतं. 2017 साली मुंबई उच्च न्यायालयात 14 वर्षांखालील मुलांना थरात चढवायचं नाही हे ठरलं. त्या वयाच्या जेमतेम वर असलेली हलकी मुलंच वरच्या थरांत असतात, आणि वर जाऊन आधी उकिडवं बसायचं, मग सावकाश उठायचं, हे कामही त्यांचंच. अशा मुलाचं ते टेंगूळ दाबल्यावर दुखत असेल तर त्याला काही आठवडे उठाबशा आणि उड्यांपासून सुट्टी द्या. हे बरं होतं. ‘सवयीने जाईल’ म्हणून रेटलं तर लांबतं.

गुडघा अर्धा वाकवा. वाटीच्या खालच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना खळगे लागतील. तिथून बोट मागे नेलं की मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली फट हाताला लागते. या फटीत दोन चंद्रकोरीच्या आकाराच्या कूर्चा आहेत, एक आत, एक बाहेर. पाऊल जमिनीला घट्ट आणि अंग वळलं की त्या चिरडतात. फटीवर बोट ठेवल्यावर नेमकं दुखत असेल आणि गुडघा मध्येच अडकत असेल, पूर्ण सरळ होत नसेल, तर कूर्चा फाटल्याचा संशय घ्यायचा. सांध्याच्या आत, बोटाला न लागणारे, दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात. पुढचा तुटतो तेव्हा बऱ्याच मुलांना ‘कट्’ असा आवाज ऐकू येतो आणि दोन-चार तासांत गुडघा फुग्यासारखा होतो. वेळेची ही खूण पक्की लक्षात ठेवा. लगेच आलेली सूज म्हणजे सांध्यात रक्त उतरलं आहे, गंभीर समजा. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज बहुधा त्याहून सौम्य दुखापतीची असते. आठवड्या-दोन आठवड्यांत दोन्ही सुजा ओसरतात, आणि घात होतो तो इथेच. तुटलेल्या अस्थिबंधाचा गुडघाही पंधरा दिवसांनी चालायला बरा वाटतो. मुलगा पुन्हा थरात उभा राहतो, गुडघा निसटतो आणि आतली कूर्चाही जाते.

उभं कसं राहायचं, हेही इथेच सांगतो. खालच्या थरात बरीच मुलं गुडघे मागे ताठ ठोकून उभी राहतात. तसं केलं की मांडीला विश्रांती मिळते, कारण भार हाडांवर आणि अस्थिबंधांवर जातो. शांत उभं राहायचं असेल तेव्हा ठीक आहे. पण वरून झटका आला तर तो झेलायला स्नायू जागेच नसतात, तो सरळ अस्थिबंधांवर जातो. गुडघे नावाला वाकलेले, बोटभर, एवढंच हवं. जास्त वाकवले तर मांड्या लवकर थकतात. पावलं खांद्यांइतकी फाकलेली, बोटं किंचित बाहेर, कंबर घोट्यांच्या वर. कातालोनियातल्या मानवी मनोऱ्यांना युनेस्कोने 2010 साली वारशाच्या यादीत घेतलं. तिथले लोक कमरेला लांब पट्टा आवळून गुंडाळतात. त्याने कमरेला आधार मिळतो आणि चढणाऱ्याला पाय ठेवायला जागा होते. आपल्याकडचं फडकंही सैल ठेवू नये.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फटीच्या थोडं खाली, बटणासारखा गोल उंचवटा आहे. हे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं. त्याच्या जरा खाली बोट आडवं फिरवलं तर दोरीसारखं काहीतरी सरकतं आणि पावलाकडे झिणझिणी जाते. ही नस इथे हाडावर, अगदी कातडीखाली आहे. पाऊल वर उचलणारे स्नायू तिच्यावर चालतात. इथे कुणाची टाच जोरात बसली, किंवा दुखापतीनंतर कुणी ‘घट्ट बांध’ म्हणत पट्टी इथेच आवळली, तर पाऊल खाली लोंबू लागतं. पट्टी बांधल्यावर मुलाला अंगठा आणि पाऊल वर ओढायला सांगा. जमत नसेल तर पट्टी त्याच क्षणी सोडा.

नडगीची पुढची कड वरपासून खालपर्यंत बोटाने चालत जा. सगळीकडे हाड आणि वर फक्त कातडी. म्हणून नडगी मोडली की टोक बाहेर यायला वेळ लागत नाही, आणि खालच्या तिसऱ्या भागात रक्तपुरवठा बेताचा असल्याने जुळायलाही उशीर लागतो. सरावाने नडगीची आतली कड लांबवर दुखत असेल तर भार कमी करा. पण एका बोटाएवढ्या जागी दाबल्यावर कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत तो बरेचदा दिसत नाही. मागची पोटरी दोन थरांची. तिचीच जाड दोरी टाचेला जाऊन मिळते. पोटरी आखडली की पायातलं रक्त वर ढकललं जातं. ताठ, न हलता, गर्दीत आणि उन्हात तासभर उभं राहिलेल्या मुलाला भोवळ येते ती यामुळे. आपला नंबर येईपर्यंत टाचा वर-खाली करत राहा, पाणी पीत राहा.

घोट्याला दोन हाडं बाहेर येतात. बाहेरचं हाड आतल्यापेक्षा थोडं खाली आणि मागे असतं. बाहेरचे अस्थिबंध आतल्यांपेक्षा कमजोर, म्हणून पाऊल बहुतेक वेळा आत वळूनच मुरगळतं. ओटावातल्या डॉक्टरांनी 1992 साली एक सोपा नियम मांडला, तो आता जगभर वापरतात. दोन्हीपैकी कोणत्याही घोट्याच्या हाडाची खालची सहा सेंटिमीटर मागची कड किंवा टोक दाबल्यावर दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरचा उंचवटा दुखत असेल, पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे असलेलं हाड दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासताना चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. मागच्या एका सरावात एक पोरगा मोजा चढवून घोटा झाकून बसला होता, आपल्याला उतरवतील म्हणून. मी बाहेरच्या हाडाच्या टोकावर बोट ठेवलं तर त्याने पाय झटकला. अशा मुलाला रागवू नका. पुढच्या वर्षी तुझी जागा राखून ठेवू, असा शब्द द्या आणि एक्स-रेला पाठवा.

पावलाकडे फारसं कुणी पाहत नाही. टाच, अंगठ्याच्या मुळाशी एक आणि करंगळीच्या मुळाशी एक, अशा तीन ठिकाणी भार बसतो आणि त्यांच्यामध्ये कमान असते. उभे राहून बोटं न मुडपता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढा, कमान वर उचलली जाईल. दहा सेकंद धरा, सोडा. दात घासताना होण्यासारखा व्यायाम आहे आणि खालच्या थराला यासारखा दुसरा नाही. नखं मात्र कापलेली असावीत, तुमच्या पावलाखाली कुणाचा तरी खांदा असतो. दहीहंडी भर पावसात, अनवाणी पायांनी. पावलाला जखम आणि रस्त्यावर साचलेलं पाणी यांतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून गेला असाल तर तीन दिवसांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळी विचारा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही सांगा.

आता थर कोसळला तर. पहिली गोष्ट, पडलेल्याला काखेत हात घालून उभं करू नका. मान किंवा पाठ दुखते का, हातापायांत मुंग्या येतात का, हे तो आडवा असतानाच विचारा. हो म्हणाला तर डोकं-मान जशी आहे तशी धरून 108 ला फोन करा. उंचावरून पायांवर पडलेल्याची टाच मोडली असेल तर त्याच धक्क्याने कमरेचा मणकाही चेपलेला असू शकतो. म्हणून रुग्णालयात टाच दाखवताना कंबरही तपासून घ्या. पाय वाकडा दिसत असेल तर ओढून सरळ करू नका, मालीश नको, हाड बसवणाऱ्याकडे नेणं तर नकोच. आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंना पुठ्ठा किंवा फळी लावून, वरचा आणि खालचा सांधा हलणार नाही असं बांधा. काहीच नसेल तर दुसऱ्या पायालाच बांधा. हाड बाहेर आलं असेल तर स्वच्छ ओल्या कापडाने झाका, आत ढकलू नका. ऑपरेशन लागू शकतं, तेव्हा चहा-बिस्किट, अगदी पाणीसुद्धा देऊ नका. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या दोरीच्या शेजारी, नाडी लागते. आतल्या घोट्याच्या मागे दुसरी. सरावाच्या आधीच एकमेकांच्या पायावर त्या शोधायला शिका. बांधण्याआधी आणि नंतर त्या लागतात का, बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, हे पाहा. नाडी लागत नसेल किंवा पाऊल गार, पांढरं पडलं असेल तर क्षणही घालवू नका. जोगेश्वरी पूर्वेला द्रुतगती महामार्गालगत महापालिकेचं ट्रॉमा रुग्णालय आहे. कोणत्या रस्त्याने न्यायचं, त्या दिवशी कुठले रस्ते बंद असतील, हे पथकातल्या दोघांनी तरी आदल्या दिवशी पाहून ठेवावं.

मुलगा प्लास्टर घालून घरी आला तरी पहिली रात्र जागती ठेवा. नडगीचे स्नायू चार घट्ट कप्प्यांत बंद असतात. आत सूज वाढली की बाहेर पसरायला जागा नसते आणि स्नायू गुदमरतात. गोळी घेऊनही वाढतच जाणारं दुखणं, पायाची बोटं हाताने वर केल्यावर पोटरीत उठणारी असह्य कळ, टणक झालेली पोटरी: यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. हातात सहा तासांच्या आसपास वेळ असतो, पुढे नुकसान भरून येत नाही. अशा वेळी पाय उशीवर उंच चढवू नका, छातीच्या पातळीला ठेवा आणि थेट रुग्णालयात न्या.

परत थरात कधी उभं राहायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मी तारीख सांगत नाही, कसोटी सांगतो. मुरगळलेल्या घोट्याच्या पायावर, भिंतीला बोट लावून, टाच पंचवीस वेळा उचलता आली पाहिजे, जितकी दुसऱ्या पायावर येते तितकी. एका पायावर डोळे मिटून दहा सेकंद उभं राहता आलं पाहिजे. एका पायाने मारलेली उडी दोन्ही पायांची जवळपास सारखी पडली पाहिजे आणि उतरताना गुडघा आत जाता कामा नये. मांडीचा घेर वहीतल्या आकड्याला भिडला पाहिजे. गुडघ्याच्या अस्थिबंधाचं ऑपरेशन झालं असेल तर या सगळ्यासोबत किमान नऊ महिनेही गेलेले असावेत. म्हणजे या श्रावणात ऑपरेशन झालेल्याला पुढच्या गुरुपौर्णिमेला सरावाला यायला हरकत नाही, सुरुवात बाहेरच्या कड्यात हात देण्यापासून करायची.